आकृतीच्या भागांची नावे: एका कागदी त्रिकोणापासून सुरुवात

भूमितीत नवख्या माणसाला व्याख्या समजत नाहीत असे सहसा होत नाही. त्या समजतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकींत मिसळतात. शिरोलंब, मध्यगा, लंबदुभाजक, कोनदुभाजक ही चार नावे पाठ असूनही समोरच्या आकृतीत त्यांतले कोणते काढले आहे ते सांगता येत नाही. माझ्या मते याचे कारण एकच आहे. भूमितीतले जवळजवळ प्रत्येक नाव नात्याचे असते आणि आपण ते सुट्या वस्तूचे म्हणून शिकतो. 'शिरोलंब' हा शब्द एकटा अपुरा आहे. कोणत्या शिरोबिंदूतून, कोणत्या बाजूवर, हे सांगितले की तो पुरा होतो. 'संमुख बाजू' म्हटले की कोणाच्या समोरची, 'त्रिज्या' म्हटले की कोणत्या वर्तुळाची.

म्हणून या लेखात प्रत्येक नावाला 'कोणाचा?' हा प्रश्न विचारत पुढे जाऊ. मुलांचा अभ्यास घेणारे पालक, दुसऱ्या माध्यमात शिकून आता मराठीत शिकवू पाहणारे, बऱ्याच वर्षांनी स्पर्धा परीक्षेसाठी गणित उघडणारे, अशा कोणालाही हे हाताने करून पाहता येईल. कंपासपेटी, कोरे कागद आणि कात्री एवढे पुरे. वाचताना थांबून आकृती खरोखर काढा. नुसत्या वाचण्याने ही नावे राहत नाहीत.

पायरी १: बिंदू, रेषा आणि तिचे तुकडे

कागदावर दोन ठिपके द्या आणि त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणा. हे दोन बिंदू. पट्टीने ते जोडले की जो तुकडा मिळतो तो रेषाखंड. त्याला दोन टोके आहेत, म्हणून त्याची लांबी मोजता येते. पुस्तकात तो 'रेख अब' असा लिहितात. तोच तुकडा एका बाजूने संपतच नाही असे मानले की किरण, दोन्ही बाजूंनी संपत नाही असे मानले की रेषा. म्हणून किरणाला एकच टोक असते, त्याचा आरंभबिंदू, आणि 'किरण अब' व 'किरण बअ' हे वेगळे असतात. बोलताना आपण सगळ्यालाच 'रेघ' म्हणतो, त्याने बिघडत नाही. मात्र '५ सेंटिमीटर लांबीची रेषा' असे लिहिलेले दिसले की तिथे रेषाखंड म्हणायचे आहे हे ओळखा.

एकाच रेषेवर असलेले तीन किंवा अधिक बिंदू एकरेषीय. एकाच बिंदूतून जाणाऱ्या तीन किंवा अधिक रेषा एकसंपाती, आणि त्या जिथे भेटतात तो संपातबिंदू. हा शेवटचा शब्द लक्षात असू द्या, त्रिकोणात तो चार वेळा येणार आहे.

पायरी २: कोन

एकाच आरंभबिंदूतून दोन किरण काढा. तो समाईक बिंदू म्हणजे कोनाचा शिरोबिंदू आणि दोन किरण म्हणजे कोनाच्या भुजा. कोन तीन अक्षरांनी लिहितात तेव्हा शिरोबिंदू मधोमध येतो. 'कोन अबक' म्हणजे ब पाशी असलेला कोन. भुजा वहीत लांब काढल्या की आखूड, याने कोनाचे माप बदलत नाही. लहान मुले इथे हमखास अडखळतात, तेव्हा त्यांच्यासमोर एक भुजा पट्टीने वाढवून कोनमापक पुन्हा लावून दाखवा.

नावे मापावरून: ९० अंशांपेक्षा कमी तो लघुकोन, बरोबर ९० चा काटकोन, ९० ते १८० च्या मधला विशालकोन, १८० चा सरळ कोन, त्यापुढे ३६० पर्यंतचा प्रविशाल कोन. दोन कोनांची बेरीज ९० असेल तर ते एकमेकांचे कोटिकोन आणि १८० असेल तर पूरककोन. इथेही 'कोणाचा?' आलाच. ४० अंशांचा कोन नुसता कोटिकोन नसतो, तो ५० च्या कोनाचा कोटिकोन असतो.

काटकोन तपासायला कंपासपेटीतला गुण्या वापरा. गवंडीही भिंती गुण्यात आहेत का हे पाहतात. मोठ्या मापासाठी कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट आणि दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करून दोन खुणांमधले अंतर ५ फूट भरते का, हे टेपने मोजतात. भरले तर कोपरा काटकोनात आहे.

पायरी ३: त्रिकोण, आणि इथे वेळ द्या

फळ्यावर आणि पुस्तकात त्रिकोण बहुधा सारख्या बाजूंचा, पाया खाली आणि टोक बरोबर मध्यावर असा काढलेला असतो. शिकणाऱ्यासाठी ही आकृती वाईट आहे, कारण तिच्यात शिरोलंब, मध्यगा आणि कोनदुभाजक एकावर एक पडतात आणि ही तीन नावे वेगळी का आहेत तेच दिसत नाही. आपण मुद्दाम वाकडा त्रिकोण घेऊ.

कोऱ्या कागदावर १४ सेंटिमीटरचा रेषाखंड बक काढा. ब पासून ५ सेंटिमीटरवर खूण करा. तिथे गुण्या लावून १२ सेंटिमीटर उंच लंब अगदी फिका काढा आणि त्याच्या वरच्या टोकाला अ म्हणा. अब आणि अक जोडा. आता पट्टीने मोजा: अब १३ सेंटिमीटर आणि अक १५ सेंटिमीटर भरेल. अशा चार-पाच प्रती काढा आणि कात्रीने कापून घ्या.

१३, १४, १५ बाजूंचा हा त्रिकोण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) उदाहरण म्हणून आला आहे. तिथेही १४ हा पाया धरून लंब आणि लंबामुळे झालेले पायाचे दोन तुकडे विचारले आहेत. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ च्या शिलालेखात आहे. तुमच्या हातातला कागद इतक्या जुन्या अभ्यासाचा आहे.

आधी सोपे भाग. अ, ब, क हे तीन शिरोबिंदू. यांतला वरचा तेवढाच शिरोबिंदू असे नाही, तिन्ही सारखेच. अब, बक, कअ या तीन बाजू. तीन बाजूंची बेरीज, ४२ सेंटिमीटर, ही परिमिती. कोन अ च्या समोरची बाजू बक ही त्याची संमुख बाजू. अब आणि अक यांच्यामध्ये असलेला कोन अ हा त्या दोन बाजूंचा समाविष्ट कोन. कोनमापकाने मोजलेत तर ब सुमारे ६७, क सुमारे ५३ आणि अ ६० ला किंचित कमी येईल. सर्वांत मोठी बाजू १५ ची आहे आणि सर्वांत मोठा कोन ब बरोबर तिच्यासमोर आहे.

बाजू बक ही क च्या पुढे वाढवली, तर अक आणि ती वाढवलेली बाजू यांच्यामध्ये जो कोन होतो तो त्रिकोणाचा बाह्यकोन. तो सुमारे १२७ अंश भरेल. क ला लागून नसलेले अ आणि ब हे त्या बाह्यकोनाचे दूरस्थ आंतरकोन. त्यांची बेरीज करून पाहा, तीही १२७ च येईल.

आता चार नावे, चार घड्या.

शिरोलंब: कागद असा दुमडा की घडी अ मधून जाईल आणि बाजू बक चा एक भाग तिच्याच दुसऱ्या भागावर नेमका बसेल. घडी बक ला ब पासून ५ सेंटिमीटरवर छेदते. अ मधून बक वर टाकलेला हा शिरोलंब आणि जिथे तो टेकतो तो लंबपाद.

कोनदुभाजक: दुसऱ्या प्रतीवर बाजू अब ही अक वर ठेवून अ मधून घडी घाला. घडी ब पासून ६.५ सेंटिमीटरवर टेकते. हा कोन अ चा दुभाजक.

मध्यगा: तिसऱ्या प्रतीवर ब बिंदू क वर नेऊन पायाच्या कडेला फक्त चिमटा घ्या, म्हणजे ७ सेंटिमीटरवर मध्यबिंदूची खूण पडेल. त्या खुणेतून अ पर्यंत घडी घाला. शिरोबिंदू आणि समोरच्या बाजूचा मध्य यांना जोडणारी ही मध्यगा.

लंबदुभाजक: ब बिंदू क वर ठेवून आता पूर्ण घडी घाला. ही घडीसुद्धा ७ वरच आहे, पण अ मधून जात नाही, बाजूलाच राहते. लंबदुभाजक हा बाजूचा असतो, शिरोबिंदूशी त्याला देणेघेणे नाही.

५, ६.५, ७ आणि पुन्हा ७. एवढे हाताने केले की ही चार नावे सहसा मिसळत नाहीत.

प्रत्येक प्रकार तिन्ही बाजूंनी केला की घड्या एका बिंदूत भेटतात. तीन मध्यगांचा संपातबिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. त्रिकोण जाड पुठ्ठ्याचा असेल तर या बिंदूखाली पेन्सिलीचे टोक धरून तो तोलता येतो, आणि हा बिंदू प्रत्येक मध्यगेचे शिरोबिंदूकडून २ : १ असे भाग करतो. तीन शिरोलंब भेटतात तो शिरोलंबसंपात. तीन कोनदुभाजक भेटतात तो अंतर्मध्य. तिथून तिन्ही बाजू सारख्याच दूर, आपल्या त्रिकोणात ४ सेंटिमीटर, म्हणून तिथे कंपासचे टोक ठेवून तिन्ही बाजूंना आतून टेकणारे अंतर्वर्तुळ काढता येते. तीन लंबदुभाजक भेटतात तो परिमध्य, ज्याला परिकेंद्रही म्हणतात. तिथून तिन्ही शिरोबिंदू सारखे दूर, इथे ८.१ सेंटिमीटरच्या जरा पुढे, आणि त्या त्रिज्येने काढलेले परिवर्तुळ तिन्ही शिरोबिंदूंमधून जाते. अंतर् म्हणजे आत आणि परि म्हणजे भोवती, एवढे धरले की कोणते कोणाचे ते चुकत नाही. प्रत्येक संपातासाठी वेगळी प्रत घ्याच, कारण या त्रिकोणात गुरुत्वमध्य आणि अंतर्मध्य यांच्यात जेमतेम ३ मिलिमीटरचे अंतर आहे.

पाया आणि उंची. पाया म्हणजे खालची बाजू असे आपण धरून चालतो, पण तुम्ही निवडाल ती बाजू पाया, आणि तिच्यावर समोरच्या शिरोबिंदूतून टाकलेल्या शिरोलंबाची लांबी ही त्या पायाची उंची. त्रिकोण फिरवा, १५ ची बाजू खाली आणा आणि उंची मोजा: ११.२ येईल. १३ ची खाली आणली तर सुमारे १२.९. आता गुणाकार करा. १४ × १२ = १६८, १५ × ११.२ = १६८, आणि तिसराही मोजमापाच्या चुकीपुरता तेवढाच. निम्मे केले की क्षेत्रफळ ८४ चौरस सेंटिमीटर. जोडी बदलली की उंची बदलते, क्षेत्रफळ तेच राहते. एका बाजूचा पाया आणि दुसऱ्याच बाजूची उंची घेऊन केलेले गुणाकार मी इतक्या वह्यांत पाहिले आहेत की 'कोणत्या पायाची उंची?' हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

शिरोलंब त्रिकोणाच्या बाहेरही पडू शकतो, हे पुष्कळांना पटत नाही. शिरोलंबाची घडी असलेली प्रत घ्या आणि डावा तुकडा उजव्यावर दुमडा. ब चे टोक आता पायावर क पासून ४ सेंटिमीटरवर येते. मागच्या मोठ्या तुकड्याचा जो भाग उघडा राहिला तो १३, ४ आणि १५ बाजूंचा त्रिकोण आहे आणि त्याचा एक कोन विशालकोन आहे. त्यात अ मधून ४ च्या बाजूवरचा शिरोलंब कुठे आहे? तुम्ही घातलेली घडीच तो शिरोलंब, आणि ती त्या त्रिकोणाच्या बाहेर आहे. अशा वेळी पाया वाढवून त्यावर लंब टाकायचा असतो.

घडीवर कापले की दोन काटकोन त्रिकोण मिळतात, ५, १२, १३ आणि ९, १२, १५. काटकोनासमोरची बाजू, पहिल्यात १३ आणि दुसऱ्यात १५, हिला कर्ण म्हणतात. त्रिकोणांपैकी फक्त काटकोन त्रिकोणात हे नाव चालते. आपल्या मूळ त्रिकोणाला कर्ण नव्हता.

पायरी ४: चौकोन

न दुमडलेल्या दोन प्रती घ्या आणि १५ च्या बाजू एकमेकींना लावा. एक प्रत अर्धा फेरा फिरवून लावली, म्हणजे समोरासमोर १३-१३ आणि १४-१४ आल्या, की समांतरभुज चौकोन होतो. एक प्रत उलटी करून आरशातल्यासारखी लावली तर पतंग होतो, ज्यात सारख्या बाजू शेजारी असतात. 'शेजारी' आणि 'समोर' यांनाच भूमितीत लगतच्या बाजू आणि संमुख बाजू म्हणतात. कोनांचेही तसेच. लागून नसलेले दोन शिरोबिंदू जोडणारा रेषाखंड हा चौकोनाचा कर्ण. काटकोन त्रिकोणातला कर्ण वेगळा, शब्द तेवढा तोच. जिथे तुम्ही दोन प्रती चिकटवल्या तो जोड हाच एक कर्ण आहे, दुसरा पट्टीने काढा. समांतरभुज चौकोनात दोन्ही कर्ण एकमेकांना दुभागतात. पतंगात ते एकमेकांना काटकोनात छेदतात.

चौकोनाला दोन कर्ण, पंचकोनाला पाच, षटकोनाला नऊ. त्रिकोणाला असा कर्ण निघतच नाही, कारण त्याचा प्रत्येक शिरोबिंदू दुसऱ्याला लागूनच असतो.

पायरी ५: वर्तुळ

५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि केंद्राला म म्हणा. पेन्सिलीने उमटलेली फक्त गोल रेघ म्हणजे वर्तुळ. आतली जागा हा त्याचा अंतर्भाग. बांगडी आणि भाकरी यांत जो फरक, तोच वर्तुळ आणि वर्तुळाकार क्षेत्र यांत, म्हणून केंद्र हा वर्तुळाचा असला तरी वर्तुळावरचा बिंदू नाही.

केंद्रापासून वर्तुळावरच्या कोणत्याही बिंदूपर्यंतचा रेषाखंड ही त्रिज्या, आणि त्याच्या लांबीलाही त्रिज्याच म्हणतात. वर्तुळावरचे कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड ही जीवा. केंद्रातून जाणारी जीवा म्हणजे व्यास, इथे १० सेंटिमीटर. प्रत्येक व्यास ही जीवा असते, प्रत्येक जीवा व्यास नसते. ८ सेंटिमीटरची एक जीवा काढा आणि म मधून तिच्यावर लंब टाका. लंब ३ सेंटिमीटरचा भरेल आणि जीवेचे ४-४ असे दोन समान भाग करेल. जीवेचे केंद्रापासूनचे अंतर म्हणतात ते हेच ३. वर्तुळ कापून त्याची बरोबर निम्मी घडी घातली की व्यास मिळतो. दुसरी तशीच घडी घातली की दोन घड्या केंद्रात छेदतात. ताटलीभोवती पेन्सिल फिरवून काढलेल्या वर्तुळाचे केंद्र शोधायची ही सर्वांत सोपी रीत आहे.

जीवेच्या दोन टोकांमुळे वर्तुळाच्या रेघेचे दोन तुकडे होतात. तो तुकडा म्हणजे कंस. लहान तो लघुकंस, मोठा तो विशालकंस. पूर्ण फेरीची लांबी म्हणजे परीघ, इथे सुमारे ३१.४ सेंटिमीटर. बहुभुजाकृतीच्या बाबतीत परिमिती म्हणतात, वर्तुळाच्या बाबतीत परीघ.

दोन भाग नेहमी उलटसुलट होतात. जीवा आणि तिचा कंस यांच्यामधली जागा हा वर्तुळखंड. दोन त्रिज्या आणि त्यांच्यामधला कंस यांनी बंद झालेली जागा ही वर्तुळपाकळी, जुन्या पुस्तकांत हिलाच द्वैत्रिज्य म्हटलेले आढळेल. ओळखण्याची खूण अशी: टोक केंद्रावर असेल तर पाकळी. पाकळीचा केंद्राशी झालेला कोन हा केंद्रीय कोन. त्याच कंसाच्या टोकांतून वर्तुळावरच्या दुसऱ्या बाजूच्या एखाद्या बिंदूपर्यंत रेघा नेल्या तर तिथे होतो तो अंतर्लिखित कोन, आणि तो केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो. कोनमापकाने हे मोजून बघाच.

वर्तुळाबाहेरून येणारी रेषा दोन बिंदूंत छेदून गेली तर वृत्तछेदिका, एकाच बिंदूत टेकली तर स्पर्शिका, आणि तो बिंदू म्हणजे स्पर्शबिंदू. स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला काटकोनात असते. 'स्पर्शिका' म्हणताना कोणत्या वर्तुळाची आणि कोणत्या बिंदूपाशी, ही दोन्ही उत्तरे हवीत. समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेलाही छेदिका म्हणतात, तेव्हा कोणाची छेदिका हे बघून घ्या.

पायरी ६: घनाकृती

काड्यापेटी हातात घ्या. तिच्या सपाट बाजूंना पृष्ठे म्हणतात, ती ६ आहेत. दोन पृष्ठे जिथे मिळतात ती कडा, अशा १२. कडा जिथे मिळतात ते शिरोबिंदू, ८. सपाट आकृतीला बाजू असतात, घनाकृतीला कडा, हा फरक लिहिताना पाळा. या आकाराचे पुस्तकी नाव इष्टिकाचिती.

पृष्ठे आणि शिरोबिंदू यांची बेरीज नेहमी कडांपेक्षा २ ने जास्त येते. काड्यापेटीत ६ + ८ = १४ आणि कडा १२. चौरस पायाच्या सूचीत, म्हणजे पिरॅमिडच्या आकारात, ५ + ५ = १० आणि कडा ८. त्रिकोणी चितीत, म्हणजे प्रिझमच्या आकारात, ५ + ६ = ११ आणि कडा ९. स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर (१७०७–१७८३) यांच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. सपाट पृष्ठांच्या अशा घनाकृतीचे भाग मोजताना एखादी कडा राहून गेली की याने लगेच कळते.

वृत्तचिती (नळकांड्याचा आकार), शंकू आणि गोल यांना वक्रपृष्ठ असते, तिथे हा हिशेब लावू नका. शंकूच्या दोन उंचींत मात्र गोंधळ होतो, त्यासाठी आपला ५, १२, १३ चा कागदी तुकडा पुन्हा घ्या. १२ ची बाजू उभी धरून तिच्याभोवती तो तुकडा पूर्ण फिरला असे मनात आणा. ५ ची बाजू पायाचे वर्तुळ आखते, तिची लांबी ही पायाची त्रिज्या. १२ ही लंब उंची. १३ ची बाजू शंकूच्या अंगावरून घसरत जाते, ती तिरकस उंची. वक्रपृष्ठाचे क्षेत्रफळ काढताना तिरकस उंची लागते आणि घनफळ काढताना लंब उंची.

पायरी ७: न दाखवता सांगणे

नावे पक्की झाली का हे तपासायला दोघे जण लागतात. एकाने आकृती लपवून फक्त शब्दांत सांगायची, दुसऱ्याने ती न पाहता काढायची. हातवारे नाहीत, 'तो वरचा', 'ही तिरकी' असे म्हणायचे नाही. सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'कोणाचा' राहून गेला की काढणारा तिथेच अडतो, आणि दोघांनाही चूक कुठे झाली ते कळते.

पहिल्या वेळी हे सांगून बघा: "केंद्र म आणि ५ सेंटिमीटर त्रिज्या असलेले वर्तुळ काढ. त्याचा एक व्यास अब काढ. अ पासून ६ सेंटिमीटर लांबीची त्या वर्तुळाची जीवा अक काढ. आता बक जोड." काढणाऱ्याने रेख बक मोजल्यावर ती ८ सेंटिमीटर भरली आणि क पाशी गुण्या नेमका बसला, तर आकृती बरोबर आली आहे.